लेआउट स्क्रिप्टमधून क्रमांकित पिन-नावे तयार करताना या चुका टाळा

चिपच्या लेआउटमध्ये (भौतिक आराखड्यात) सोळा बिटांच्या बसला, म्हणजे सोळा तारांच्या गटाला, हाताने लेबले लावण्याऐवजी स्क्रिप्ट लिहिणे योग्यच आहे. मात्र स्क्रिप्टने दिलेले चुकीचे नाव लेआउटमध्ये सहसा नजरेस पडत नाही, ते एलव्हीएसच्या, म्हणजे लेआउट आणि स्कीमॅटिक (मूळ सर्किट-आकृती) यांची तुलना करणाऱ्या तपासणीच्या, अहवालातच समोर येते आणि तिथेही बहुधा ‘नेट (जोडणी) जुळत नाही’ अशा मोघम स्वरूपात. सोलापुरातील इलेक्ट्रॉनिक्सचे जे विद्यार्थी केलेआउट हे लेआउटचे साधन आणि स्कायवॉटर या चिप-उत्पादक कंपनीच्या १३० नॅनोमीटरच्या खुल्या पीडीकेवर (त्या निर्मितीप्रक्रियेसाठीच्या डिझाइन-संचावर) काम करत आहेत, त्यांनी पुढील बाबी आधीच तपासाव्यात.

सर्वांत फसवी चूक म्हणजे पिनचा (तारेच्या जोडणी-टोकाचा) क्रमांक तिच्या जागेवरून काढणे. समजा, पिन ०.४ मायक्रॉनच्या अंतराने मांडल्या आहेत आणि पायथॉनमध्ये प्रत्येकीच्या वाय-स्थानाला ०.४ ने भागून क्रमांक घेतला आहे. ०.८ ला भागल्यावर २.० मिळतात, ते तसेच नावात घातले तर ‘डी<२.०>’ असे निरुपयोगी नाव तयार होते. म्हणून इंट हे दशांश भाग टाकून देणारे फंक्शन लावावे, तर दुसरा घोटाळा होतो: १.२ ला ०.४ ने भागल्यावर उत्तर ३ पेक्षा किंचित कमी येते आणि इंट त्याचे २ करते. परिणामी ‘डी<२>’ दोनदा येते, ‘डी<३>’ गायब होते आणि दोन वेगळ्या तारांना एकच नाव मिळाल्याने काही साधने त्या जोडलेल्या आहेत असेच मानतात. यावर उपाय सोपा आहे. क्रमांक लूपच्या मोजणीतून घ्यावा आणि जागा त्यावरून काढावी, उलट नव्हे. जागेवरूनच काढणे भाग असेल, तर डेटाबेस एककातील (लेआउट फाइलच्या सर्वांत लहान मापातील) पूर्णांक वापरावेत, म्हणजे १२०० ला ४०० ने पूर्णांक-भागाकार.

केडन्स कंपनीच्या लेआउट-साधनांतील स्किल या स्क्रिप्ट-भाषेत अडचण निराळी असते. तिथे मजकूर जोडणाऱ्या एसटीआरकॅट फंक्शनला पूर्णांक चालत नाही, त्यामुळे नाव एसप्रिंटएफ फंक्शनने, पहिल्या जागी निल (रिक्त मूल्य) देऊन बांधावे. शिवाय स्किलचा फॉर लूप शेवटचा अंकही धरतो, तर पायथॉनची रेंज तो सोडते; एका भाषेतून दुसरीत स्क्रिप्ट उतरवताना एक पिन कमी किंवा जास्त होते ती याचमुळे.

क्रमाचेही भान हवे. नावे मजकूर म्हणून लावली तर ‘डी१०’ हे ‘डी२’च्या आधी येते. सोलापुरी चादरीच्या जकार्डवर छिद्रांचे पत्ते क्रमाबाहेर ओवले तरी माग थांबत नाही, नक्षी तेवढी बिघडते. इथेही स्क्रिप्ट तक्रार न करता पूर्ण चालते. तरीही क्रम सांभाळण्यासाठी लेआउटमध्ये ‘डी०२’ असे शून्य जोडू नये, कारण स्कीमॅटिकमध्ये ‘डी२’ असेल तर ही दोन वेगळी नावे ठरतात. क्रमवारी अंकानेच लावावी. कंसांचेही तसेच आहे: केडन्सच्या व्हर्च्युओसो या साधनामध्ये बसला टोकदार कंस, व्हेरिलॉग या हार्डवेअर-वर्णनाच्या भाषेमध्ये चौकोनी; कोणते वापरायचे हे स्कीमॅटिकच्या नेटलिस्टवरून (जोडण्यांच्या यादीवरून) ठरवून नाव बांधणारे फंक्शन एकच ठेवावे.

नाव अचूक असूनही पिन सापडत नसेल, तर थर पाहावा. स्कायवॉटरच्या पहिल्या धातुथराचे चित्रण ६८/२० (थराचा क्रमांक/उपप्रकार) वर, पिनचा आकार ६८/१६ वर आणि लेबल ६८/५ वर असते. शिवाय लेबलाचा बिंदू धातूच्या आत पडायला हवा. स्क्रिप्ट पुन्हा चालवण्यापूर्वी जुनी लेबले पुसावीत, नाहीतर नाव बदलल्यावर एकाच तारेवर जुने आणि नवे अशी दोन्ही लेबले राहतात.