जुनी बुलेट वाजायला लागली तर टॅपेट कव्हर उघडण्याआधी एवढी तयारी करा

हे सगळं कास्ट आयर्न इंजिनवाल्या ३५० बुलेटसाठी आहे, म्हणजे ३४६ सीसी, पुशरॉडवाली (खाली कॅम टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाची दांडी वर ढकलतो, तिने वाल्व उघडतो), २०१० च्या सुमाराला जिचं उत्पादन थांबलं ती. नंतरच्या यूसीई इंजिनात (ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच असतात) ऑइलच्या दाबावर आपोआप सेट होणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे हाताने सेट करायचं काही नसतं, त्यामुळे ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी हे वाचून तिकडे पाना लावू नका.

सगळ्यात आधी एकच सांगतो, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. टॅपेटला हात लावायच्या आधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आहे, म्हणजे सगळ्यात वर आणि दोन्ही वाल्व बंद, याची खात्री करा. नुसता टॉपला नाही, कॉम्प्रेशनच्या टॉपला. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एक सायकल पुरी होते, म्हणजे पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. दुसऱ्या वेळी इनलेट उघडायला लागलेला असतो आणि एक्झॉस्ट पुरता बसलेला नसतो, कॅमने टॅपेट थोडे उचललेले असतात, त्यामुळे पुशरॉड घट्ट लागतात. आपल्याला वाटतं टॅपेट टाइट आहेत, आपण रॉड बोटाने फिरेपर्यंत ढिले करतो, आणि मग खरा गॅप नको तेवढा मोठा होऊन बसतो. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं आणि गाडी आधी वाजत होती त्याच्या दुप्पट वाजायला लागली.

आता सामान. टॅपेटचे तीन पातळ पाने लागतात, एक खालून धरायला, एक लॉकनटला, एक अ‍ॅडजस्टरला. साधे जाड पाने आत शिरत नाहीत, जबरदस्ती केली की नटाचे कोपरे जातात आणि मग पुढचं सगळं अवघड. टॅपेट कव्हरचं नवीन पॅकिंग आधी आणून ठेवा, जुनं परत लावलं की ऑइल गळतंच. प्लग पाना, चिंध्या, खाली ट्रे, टॉर्च हे आलंच. एक लांब स्क्रू ड्रायव्हर हवा, पेच काढायला नाही, ऐकायला. त्याचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली की डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं आतलं ऐकू येतं. टोक फिरत्या चेनपासून लांब ठेवा, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका, धूर घातक असतो.

ऐकायचं आदल्या दिवशी आणि उघडायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, हे दोन दिवसांचं काम धरूनच चला. कारण आवाज थंड इंजिनात वेगळा आणि तापल्यावर वेगळा असतो, दोन्ही ऐकायला लागतात, पण टॅपेट मात्र रात्रभर थंड झालेल्या इंजिनातच सेट करायचे. लोखंडी ब्लॉक, अल्युमिनियमचं हेड, पुशरॉड हे सगळं तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाही. सकाळी "एकदा स्टार्ट करून बघू" म्हणाला की संपलं, परत थांबा.

थंड असताना ठकठक आणि तापल्यावर कमी, तर बहुतेक पिस्टन बोअरमध्ये ढिला झालाय. घाईचं कारण नाही, पण ऑइल किती खातेय त्यावर लक्ष ठेवा. इंजिनच्या वेगाच्या निम्म्या चालीने वरून टिकटिक आली तर टॅपेट, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. डावीकडून खळखळ आली तर प्रायमरी चेन (इंजिनकडून क्लचकडे जाणारी) किंवा क्लच. क्लच दाबून बघा, आवाज थांबला किंवा बदलला तर क्लच-गिअरबॉक्सकडे बघायचं, टॅपेट उघडायची गरजच नाही. उजवीकडून किणकिण किंवा घरघर आली तर टायमिंग गिअर (कॅम फिरवणारे), ते माहीतगार माणसाकडेच द्या. आणि चढावर लोड आला की खालून जड धडधड येत असेल तर गाडी तिथेच बंद करा, टेम्पोत घाला, कारण तो बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) असू शकतो आणि तसंच दामटलं तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. ह्यात "गावापर्यंत जाईल ना" वगैरे काही नसतं.

इंजिन उघडायच्या आधी बाहेरचं सगळं बघा. सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे बसतो तिथून गॅस लीक होत असेल तर तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा असतो, कितीतरी टॅपेट विनाकारण या एका कारणाने उघडले जातात. डीकॉम्प्रेसरच्या (किक मारताना कॉम्प्रेशन सोडणारा छोटा वाल्व) केबलला थोडी ढील आहे का बघा, ढील नसेल तर तो वाल्व किंचित उघडा राहतो आणि चिकचिक करतो. हेड स्टेडीचा (हेड फ्रेमला धरणारी पट्टी) बोल्ट, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, सायलेन्सरचं आतलं जाळं, मडगार्ड, सगळं हलवून बघा. ऑइलची लेव्हल गाडी थोडी चालवून मग बघा, कारण या इंजिनात गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये उतरतं आणि काडीवर कमी दिसतं, लोक अजून ओततात. रॉकरला ऑइल पोचतंय का तेही बघून घ्या, इंजिन चालू असताना हेडवरच्या ऑइल पाइपचा बोल्ट अगदी थोडा ढिला केला की तिथून ऑइल पाझरायला पाहिजे. नाही पाझरलं तर टॅपेट कितीही सेट करा, वाजणारच.

आता सकाळ झाली, इंजिन थंड आहे. इग्निशन बंद, प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर, वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने हळू फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. ज्या वेळी हवा अंगठ्याला बाहेर ढकलते तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, तिथून पुढे पिस्टन वर येऊन हवेचा जोर संपतो तो आपला टॉप. हवा आली नाही तर तो टॉप आपला नाही, क्रँकचा अजून एक फेरा फिरवा. प्लग न काढता दुसरा मार्गही आहे. इग्निशन चालू करून किक हळू दाबत आणा, किक कडक झाली आणि अँपिअर मीटरची सुई बाजूला जाऊन परत मध्यावर आली की पॉइंट (स्पार्क पाडणारे संपर्क) उघडले, म्हणजे कॉम्प्रेशनचा टॉप जवळ आला. डीकॉम्प्रेसर ओढून किक अगदी किंचित पुढे सरकवा, मग इग्निशन बंद करायला विसरू नका. मी दोन्ही करून बघतो, एकावर भरवसा ठेवत नाही.

कव्हर काढल्यावर पुन्हा खात्री. दोन्ही पुशरॉड बघा, चाक थोडं पुढेमागे हलवलं तरी दोघांपैकी एकही वर-खाली व्हायला नको. एक जरी हलला तर तुम्ही एक्झॉस्टच्या टॉपला आहात, पाना खाली ठेवा आणि चाक अजून एक पूर्ण फेरा फिरवा. क्रँकचा फेरा, चाकाचा नाही, म्हणून परत अंगठा लावूनच मोजा. मला माहितीय कंटाळा येतो. तरी करा.

सेटिंग फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) नाही, बोटानेच. रॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात खेळ नको. टाइट ठेवलात तर आवाज छान बंद होतो आणि लोक खूश होतात, पण वाल्व नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, एक्झॉस्ट वाल्व जळतो. थोडा वाजणारा टॅपेट टाइट टॅपेटपेक्षा कधीही बरा. लॉकनट आवळताना सेटिंग सरकतंच, आवळून झाल्यावर परत फिरवून बघा. दोन्ही झाले की इंजिन दोन क्रँक फेरे फिरवून परत कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा आणि परत तपासा, हो, परत अंगठा लावून.

कव्हरचा नट जास्त आवळू नका, आटे जातात. पॅकिंग नवीन.

प्रायमरी चेन बघायची असेल तर डावं कव्हर, खाली ट्रे, चेन साधारण ६ मिमी खेळली पाहिजे, तीन-चार जागी बघा आणि सगळ्यात टाइट जागेवरून ठरवा. डागडुजी झाली की प्रायमरीचं ऑइल परत भरा.

प्लग लावा, स्टार्ट करा, पाचेक मिनिटं स्लोवर ठेवून ऐका. आवाज आधीपेक्षा वाढला असेल तर बाकी काही शोधू नका, लगेच बंद करा, थंड होऊ द्या, आणि कॉम्प्रेशनचा टॉप परत शोधा.