कार्पल टनेल: रात्री मनगटाचा पट्टा कसा बांधावा

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की जरा बरं वाटतं, ही कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या त्रासाची, ठळक खूण. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते. करंगळी सहसा सुटते. तिलाही मुंग्या येत असतील तर मूळ कोपरात किंवा मानेत असू शकतं. आधी तपासून घ्या.

मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा (बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस जाते. झोपेत मनगट दुमडलं की आतला दाब वाढतो, मागे वाकलं तरी वाढतो.

म्हणून मनगट सरळ ठेवायला पट्टा बांधायचा. औषधाच्या दुकानात तो ‘कॉक-अप स्प्लिंट’ नावाने मिळतो. घोळ होतो तो इथेच. त्यातली धातूची पट्टी बहुधा मनगट 20 ते 30 अंश मागे वळेल अशी वाकवलेली असते, आणि लोक तसाच बांधून ‘फरक नाही’ म्हणतात. पट्टी स्प्लिंटच्या खिशातून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करा, परत घाला. पट्टा बांधून हाताच्या पाठीवर फूटपट्टी ठेवा: पंजा आणि हात जवळपास एका रेषेत हवेत.

पुढची कड तळहातावरच्या बोटांजवळच्या आडव्या रेषेच्या अलीकडेच थांबावी. मूठ अडता कामा नये. वेल्क्रो इतपतच ओढा की खाली एक बोट सरकेल. मनगटावरचा बंद सर्वांत सैल ठेवा, कारण तो नेमका बोगद्यावरच बसतो. घाम येत असेल तर आत पातळ सुती मोजा चढवा. रोज रात्री, किमान सहा आठवडे. दोन रात्रींत निकाल मागू नका.

रबरी चेंडू दाबायचा व्यायाम टाळा. घट्ट मूठ वळताना तळहातातले छोटे स्नायू बोगद्यात ओढले जातात आणि जागा आणखी कमी होते. यंत्राने मनगट ताणण्याचा, म्हणजे ट्रॅक्शनचा, उपचार नेदरलँड्समध्ये अभ्यासला गेला आहे. तिथे ताण मोजून देतात. घरी कुणाकडून हात ओढून घेणं हा त्याला पर्याय नाही.

मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तो आटोक्यात आणल्याशिवाय पट्टा एकटा पुरत नाही. गरोदरपणात सुरू झालेला त्रास बाळंतपणानंतर बरेचदा ओसरतो.

बधिरपणा दिवसभर टिकला, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा अंगठ्याखालचा उंचवटा खपाटीला गेला, तर सहा आठवडे थांबू नका. हाडांच्या किंवा हाताच्या डॉक्टरांना दाखवून नसेची तपासणी करून घ्या.