डिस्पोजेबल पट्टीवर ‘क’ जीवनसत्त्व मोजायचंय?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेतला की नाशिकची मुलं हमखास द्राक्षाकडे वळतात. वळू नका. द्राक्षात १०० ग्रॅममागे ‘क’ जेमतेम ३-४ मिलिग्रॅम, पॉलिफेनॉल मात्र भरपूर, आणि ल्युमिनॉल या चमकणाऱ्या रसायनाचा उजेड ‘क’सारखीच तीही विझवतात (उजेड किती विझला यावरूनच इथे ‘क’ मोजायचं). आकडा फुगून येतो आणि कारण कळत नाही. पेरू घ्या, त्यात २०० मिलिग्रॅमच्या पुढेमागे असतं. त्याही आधी मेडिकलमधली ५०० मिलिग्रॅमची गोळी, शक्यतो बिनरंगाची.

पट्टीवर तीन इलेक्ट्रोड छापलेले असतात: मध्ये कार्बनचं वर्तुळ, भोवती काउंटर (प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण करणारा), शेजारी चांदीचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात). ०.५ व्होल्टच्या आसपास ल्युमिनॉलचं ऑक्सिडीकरण होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोबत असेल तर ४२५ नॅनोमीटरला निळा उजेड पडतो. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच ‘क’, वाटेतले ऑक्सिजनचे रॅडिकल खाऊन टाकतं. म्हणजे जीवनसत्त्व जितकं जास्त, तितका उजेड कमी.

ल्युमिनॉल १७.७ मिलिग्रॅम, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून १० मिलि करा. १० मिलिमोलर झालं. ॲस्कॉर्बिक आम्लाचं तेवढंच द्रावण करायला १७.६ मिलिग्रॅम लागतं. वजनं जवळजवळ सारखी, द्रावणं दोन्ही रंगहीन, तेव्हा लेबल आधी लावा. ३० टक्के पेरॉक्साइड ०.१ मिलि घेऊन १०० मिलि केलं की तेही साधारण १० मिलिमोलर, पण ते रोज ताजं. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीएच ९ च्या आसपासचा, आणि त्यात ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड हवंच. चांदीचा रेफरन्स उघडा असतो; क्लोराइड दहापट बदललं की व्होल्टेज ५९ मिलिव्होल्टने सरकतं. नळाचं पाणी कुठेच नको. त्यातलं लोखंड-तांबं ल्युमिनॉलला आपणहून चमकवतं.

पेरूचा १० ग्रॅम गर ३ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लात वाटून गाळा, १०० मिलि करा. हे साधारण १ मिलिमोलर भरतं; बफरने शंभरपट पातळ करा आणि पीएच पुन्हा तपासा, कारण उरलेलं आम्ल उजेड खाली आणतं. अल्कधर्मी बफरमध्ये ‘क’ काही मिनिटांत उडायला लागतं. त्यामुळे पेरॉक्साइड सगळ्यात शेवटी, आणि मिसळल्यापासून व्होल्टेज देईपर्यंतचा वेळ दरवेळी तोच, समजा ३० सेकंद. मिश्रणाचा थेंब ५० ते १०० मायक्रोलिटरचा, तिन्ही इलेक्ट्रोड झाकणारा. बुडबुडा अडकला तर ती पट्टी सरळ फेका.

उजेड मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही टिपता येतो, पण आयएसओ आणि एक्स्पोजर हाताने पक्के करून. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा अंधारी चौकट उजळवून तुमचा सगळा फरक पुसून टाकतो. पट्टी आणि कॅमेरा ज्यात ठेवाल तो डबा आतून मॅट काळा करा. बाहेरचा उजेड बहुतेक वेळा वायरच्या भोकातूनच शिरतो.

आता खरी गोम. ब्लँकचा (‘क’ नसलेल्या द्रावणाचा) उजेड भागिले नमुन्याचा उजेड, हे गुणोत्तर सांद्रतेसमोर मांडलं की सरळ रेष येते. नमुन्यात प्रमाणित ‘क’ थोडंथोडं घालून आलेखही काढाल. गाइडलाही तेवढ्यावर समाधान वाटतं. पण या पद्धतीने फक्त रेषेचा उतार दुरुस्त होतो. पेरूतल्या इतर पदार्थांनी विझवलेला उजेड बेरजेत तसाच राहतो आणि ‘क’च्या खात्यावर जमा होतो. यावर उपाय म्हणजे ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे एन्झाइम. गाळलेल्या रसाचा एक वेगळा भाग पीएच ६ च्या जवळ आणून त्यात ते घाला. ते ॲस्कॉर्बिक आम्ल तेवढं संपवतं, बाकीचं तसंच राहतं. हाच खरा ब्लँक. दुसऱ्या भागाचाही पीएच तसाच आणा, तेवढाच वेळ ठेवा, फक्त एन्झाइम नको. एन्झाइम महाग पडतं, तरी पट्ट्यांचं एक पाकीट कमी घ्या आणि हे घ्या.

पडताळा डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल या रंगद्रव्याच्या जुन्या टायट्रेशनने करा, खर्च किरकोळ.

बी-१२ च्या नादी सुरुवातीला लागू नका. त्यातला कोबाल्ट ल्युमिनॉलला चमकवतो हे खरं, पण तो रिंगमध्ये बंद असतो, आम्लाने मोकळा करावा लागतो, आणि मग बाहेरचा कोणताही कोबाल्ट त्याच्यासारखाच दिसतो. शिवाय गोळीत प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या औषध कंपन्यांत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) गेलात तर ही पट्टी बहुधा दिसणार नाही. मुलाखतीत मात्र एलओडी (ओळखता येणारी सर्वात कमी सांद्रता) कशी काढली हे विचारतात. ३.३ गुणिले ब्लँकचं प्रमाण विचलन, भागिले उतार, हे सगळ्यांना पाठ असतं. ते विचलन किती वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतलं, याचं उत्तर तयार ठेवा. एकाच पट्टीवर दहा वेळा घेतलेलं चालत नाही.