गोधडीवर क्रॉस स्टिच भरताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वाकळ, म्हणजे गोधडी, नाही असं घर सापडणं कठीण. जुनी लुगडी, धोतरं, परकर एकावर एक पसरायचे आणि कडेकडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं, एवढंच तिचं शास्त्र. अलीकडे तिच्यावर क्रॉस स्टिच भरायची हौस वाढली आहे. बाळंतविड्यातल्या दुपट्यावर हत्ती, रुखवतात मांडायच्या गोधडीवर तुळशीवृंदावन. मांडलेली असते तोवर सगळेच कौतुक करतात. पहिल्या धुण्यानंतर मात्र कापड फुल्यांभोवती आखडतं, लाल रंग पांढऱ्यावर पसरतो, मागचे लोंबते दोरे बाळाच्या बोटांत अडकतात. बहुतेक वेळा या सगळ्याचं मूळ एकच असतं. क्रॉस स्टिच आपण टेबलक्लॉथवर शिकलो, आणि टेबलक्लॉथवर कुणी झोपत नाही.

जुन्या लुगड्यावर थेट फुल्या

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

क्रॉस स्टिच हा मोजून घालायचा टाका. उभे-आडवे धागे सारखे असले तरच फुली चौकोनी येते. इरकली लुगड्याचं सूत इतकं बारीक की मोजताना डोळे दुखतात. कसुती (कर्नाटकातलं पारंपरिक भरतकाम) भरणाऱ्या बायका त्याच इरकलीवर छापा न काढता धागे मोजून गोपूर, रथ, पालख्या उभ्या करतात हे खरं. कसुतीतला मेंती टाका म्हणजे आपली फुलीच. पण त्यांच्या हाताखाली नवी साडी असते. वाकळीत जातं ते वीस वर्षं नेसून विरलेलं लुगडं. त्यावर दाट फुल्या भरल्या की दोरा कापडापेक्षा भक्कम होतो, आणि ओढ बसली की कापड टाक्याच्या कडेनं सुटतं. तिथं फाटलं की रफू करायलाही जागा उरत नाही.

विरलेल्या कापडावर भरायचंच असेल तर मागून मलमलीचा तुकडा टाचून घ्या. त्यापेक्षा चांगलं म्हणजे भरतकाम वेगळ्या कापडावर करून तो तुकडा गोधडीच्या वरच्या थरात जोडणं. मॅटी किंवा दुसुती, म्हणजे घरं मोजता येतील असं विणलेलं कापड, सोपी, पण तिची कड फार लवकर उसवते. भरण्याआधीच कडेला मशीनवर झिगझॅग मारा, जोडताना चारी बाजूंनी अर्धा इंच आत दुमडा, आणि कोपरे तिरके कापा. नाहीतर कोपऱ्यात चार पदरांची गाठ होते आणि दाभणसुद्धा तिथं अडतं.

मला स्वतःला गोधडीसाठी मॅटीपेक्षा सुती चौकडीचं कापड आवडतं. मऊ असतं, धुण्यात टिकतं, आणि घरं आयती मिळतात. मात्र विकत घेण्याआधी पट्टी लावून बघा. पुष्कळदा या कापडातली घरं दिसायला चौकोनी असतात, पण रुंदीपेक्षा उंचीला किंचित जास्त. दहा घरं आडवी मोजा, दहा उभी मोजा. फरक आला तर हत्ती उंट दिसायला लागतो.

तिसरी वाट म्हणजे जाळीचं कापड वर टाचून त्यावरून भरायचं आणि शेवटी जाळीचे धागे एकेक करून ओढून काढायचे. साध्या कापडासाठी हे उत्तम. भरताना सुई जाळीच्या धाग्यातून जाऊ देऊ नका, भोकातूनच काढा. धाग्यात सुई टोचली गेली की नंतर तो निघत नाही, तुटतो. काढण्याआधी जाळी ओलसर केली की धागे सहज सुटतात.

कुठलंही कापड घ्या, आधी धुवा. मांजरपाट तर नक्कीच. नव्या कापडाची खळ निघाली पाहिजे आणि ते जितकं आटायचं तितकं भरण्याआधीच आटलं पाहिजे. जुनी लुगडी आटून झालेली असतात, नवी मॅटी नसते. दोन्ही न धुता एकत्र शिवलं की पहिल्याच पाण्यात भरलेला तुकडा आखडतो आणि भोवतीचं कापड सुरकुततं. ही सुरकुती इस्त्रीनं जात नाही.

नमुना केवढा होणार, हे आधी न मोजणं

कागदावर नमुना 60 घरं रुंद आहे. इंचाला 14 घरांच्या मॅटीवर तो सव्वाचार इंचांच्या आसपास होईल, 11 घरांच्या मॅटीवर साडेपाच, आणि इंचाला 8 घरांच्या चौकडीवर साडेसात. गोधडी लांबून बघायची वस्तू आहे, तिच्यावर सव्वाचार इंचाचा मोर हरवतो. फुली मोठी ठेवा, नमुना सोपा ठेवा. बारा रंगांच्या गुलाबापेक्षा दोन रंगांतलं कमळ वाकळीवर जास्त शोभतं, हे माझं ठाम मत.

लडीतला दोरा सहा पदरी असतो. 14 घरांवर दोन पदर, 11 वर तीन, 8 घरांच्या चौकडीवर तीन किंवा चार. सगळे सहा पदर घालून भरलं की टाका फुगतो आणि वापरात घासून त्याचे तंतू निघतात. दोरा एका हातापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा प्रत्येक वेळी कापडातून घासत जातो आणि शेवटाला पोचेपर्यंत विरतो. मॅटीसाठी बोथट टोकाची सुई, चौकडी आणि जाळीसाठी टोकदार.

सगळे थर जोडून झाल्यावर भरायला घेणं

“आधी वाकळ शिवून घेऊ, मग सवडीनं भरू” असं पुष्कळ जणी म्हणतात. पण पाच-सहा पदरांतून सुई सरळ वर-खाली जात नाही. फुली वाकडी येते, बोटं दुखतात, मागच्या अस्तरावर दोऱ्यांचं जंजाळ दिसतं. क्रम उलटा हवा: आधी वरचा तुकडा भरा, धुवून वाळवा, उलट्या बाजूनं टॉवेलवर पालथा घालून इस्त्री करा, मग थर लावा.

त्यानंतरची चूक धावदोऱ्याची. सवयीनं हात सरळ ओळी ओढत जातो आणि धावदोरा भरतकामावरूनच निघतो. फुल्या दबतात, हत्तीच्या पोटातून रेघ जाते. नमुन्याभोवती आधी कच्च्या टाक्यांची चौकट घाला. प्रत्येक ओळ चौकटीपाशी आली की सुई पदरांच्या आतून सरकवून पलीकडे काढा आणि ओळ पुढे चालू ठेवा. मात्र नमुना तळहाताएवढ्यापेक्षा मोठा असेल तर आतला भाग पूर्ण मोकळा सोडू नका. आतले पदर सरकून त्यांचे गोळे होतात. नमुन्यातल्या रिकाम्या जागा शोधून तिथं अधूनमधून बारीक टाका घ्या.

पाठ

जाणती बाई भरतकाम हातात आलं की पहिल्यांदा उलटं करून बघते. कसुतीत गाठ मारत नाहीत, आणि गवंती, मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. फुलीची पाठ तशी येणार नाही, पण गाठ न मारण्याची शिस्त उचलायला हरकत नाही. सुरुवातीला इंचभर दोरा मागे सोडा आणि पहिल्या पाच-सहा टाक्यांखाली तो दाबा. शेवटी सुई मागच्या टाक्यांखालून सरकवून कापा. गाठ मारली तर ती धुण्यात सुटते किंवा विरलेल्या कापडातून वर येते, आणि झोपताना टोचते ते वेगळंच.

एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागून दोरा ओढून नेऊ नका. इंचाहून लांब उडी असेल तर दोरा तोडून नव्यानं सुरू करा. फिक्या कापडाखालून गडद दोरा दिसतो, हे एक. आणि दुपट्याला अस्तर नसेल तर हाच दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळतो. दुपट्यावर जरीचा दोरा, टिकल्या, मणी यांतलं काही नको.

जागेचाही विचार करा. छातीशी, गालाशी येणाऱ्या भागात दाट भरलं तर ते खरखरतं. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांचं फूल शिवतात. शोभा कोपऱ्यात ठेवायची त्यांची पद्धत आपल्यालाही घेण्यासारखी आहे, किंवा मग पायाकडचा काठ.

रंग

लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे चौघे संशयित. लडीचा वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या कापडात गुंडाळा, वरून गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर तो दोरा गोधडीसाठी नाही. इरकलीच्या काठाची आणि खणाची परीक्षाही अशीच घ्या. खणात बऱ्याचदा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा धागा असतो, तो सुतासारखा धुता येत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात, पण कच्चा रंग मिठानं किंवा व्हिनेगरनं पक्का होत नाही.

रंग पसरलाच तर गोधडी वाळू देऊ नका आणि इस्त्री तर अजिबात नको, उष्णतेनं डाग बसतो. ओली असतानाच भरपूर गार पाण्यात बुडवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा.

नमुना आखायच्या पेनांचंही असंच. पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेनच्या खुणा आधी धुवा, मग इस्त्री करा. उलट केलं तर त्या कायमच्या राहतात. इस्त्रीनं पुसली जाणारी शाई थंडीत पुन्हा उमटते. गोधडीवर साधी टाचणी आणि कच्चे टाकेच बरे. दर दहा घरांवर एक कच्चा धावदोरा घाला, मोजणी चुकली तरी दहाच्या आत सापडते.

भरताना कापड ताणून धरायची रिंग रात्रभर लावून ठेवू नका, वळ पडतो. वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा, नाहीतर उजेडात पॅच पडल्यासारखं दिसतं. आणि दोरा ओढू नका, फक्त बसवा.

धुणं आणि दुरुस्ती

मलप्रभेच्या, मार्कंडेयाच्या काठावर वाकळ दगडावर आपटून धुतात. साध्या वाकळीला ते चालतं. भरलेल्या वाकळीला मोठ्या टबात पायानं हलकं तुडवा, पिळू नका, पाठ वर करून सावलीत वाळत घाला. खानापूरकडच्या पावसात जाड गोधडी दिवसचे दिवस ओली राहते आणि कच्चा रंग तेवढा वेळ पसरत राहतो. त्यामुळं भरलेल्या गोधड्यांचं धुणं मार्च ते मे या महिन्यांतच उरकावं.

कापड आखडलं असेल तर आधी उलटं करून मागचे लांब दोरे बघा. बऱ्याचदा दोन-तीन दोरे मधोमध कापून त्यांची टोकं टाक्यांखाली दाबली की सुरकुती सुटते. एखादी फुली झिजून तुटली तर सगळा नमुना उसवायची गरज नाही. दोन बोटं अंतरावरून सुई वरच्या थरात घाला, आतून सरकवून तुटक्या फुलीपाशी काढा, शेजारच्या टाक्यांच्या टोकांना धरून नवी फुली घाला आणि शेपूट पुन्हा पदरांत सोडून द्या. जुन्या फिक्या फुल्यांत नवा दोरा भडक दिसतो. वापरण्याआधी तो दोरा साबणाच्या कोमट पाण्यात चार-पाच वेळा धुवून उन्हात वाळवा.