कादंबरीच्या पोटातलं कोडं कसं शोधावं

शाळेत 'च'ची भाषा बोललेल्या माणसाला गुप्तलिपी नव्याने शिकवावी लागत नाही. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे च बसवायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी चिकटवायचं. 'मला भूक लागली'चं 'चलाम चूकभ चागलील' झालं की घरातल्या मोठ्यांना काही कळायचं नाही. निदान कळत नाही असं ते दाखवायचे.

याहून जुनं उदाहरण समर्थ रामदासांच्या नावावर सांगितलं जातं. 'विवेके करावे कार्यसाधन, जाणार नरतनु हे जाणोन, पुढील भविष्यार्थी मन, रहाटोचि नये...' वरवर पाहता साधा उपदेश. पण प्रत्येक चरणाचं पहिलं अक्षर वेचत गेलं की 'विजापुरचा सरदार निघाला आहे' असा निरोप हाती येतो. हे पत्र खरोखर शिवाजी महाराजांकडे गेलं होतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्याला त्यातली युक्ती तेवढी हवी आहे. वाचणाऱ्याला वरचा अर्थ पुरेसा वाटतो, म्हणून तो खाली बघतच नाही.

थरारकादंबऱ्या लिहिणारे नेमकं हेच करतात. काही कोडी कथेतली पात्रं आपल्यासमोर सोडवतात. ती कथेचा भाग झाली. मजा असते ती कुणीच न सोडवलेल्या, वाचकासाठी गुपचूप ठेवलेल्या कोड्यांत. त्यांच्यासाठी अमेरिकी लेखक डॅन ब्राउनच्या कादंबऱ्यांइतकं चांगलं सरावाचं मैदान नाही, म्हणून खालची बरीचशी उदाहरणं तिथलीच आहेत. काही उत्तरं फुटणार आहेत. ज्यांना स्वतः सोडवायचं आहे त्यांनी चौथी पायरी सोडून पुढे जावं.

१. जमेल तर मूळ भाषेतली प्रत मिळवा, आणि तीही पहिल्या बांधणीची, वेष्टनासकट. हा हौशी संग्राहकांचा नखरा नाही. 'द दा विंची कोड'च्या २००३ सालच्या अमेरिकी पुठ्ठाबांधणीच्या प्रतीत वेष्टनाच्या आत दुमडलेल्या भागावर कथेची ओळख छापली आहे. त्यातली काही अक्षरं बाकीच्यांपेक्षा किंचित ठळक आहेत. ती ओळीने जोडली की 'इज देअर नो हेल्प फॉर द विडोज सन' हे वाक्य तयार होतं. विधवेच्या मुलाला कुणीच मदत करणार नाही का? संकटातल्या फ्रीमेसनने, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेच्या सदस्याने, मारायची ही हाक. पुढची कादंबरी फ्रीमेसनांवर असणार याची ती चाहूल होती, आणि २००९ साली ती तशीच आली. स्वस्त पेपरबॅकमध्ये किंवा मोबाइलवरच्या प्रतीत हे वेष्टनच नसतं, मग कोडं कुठलं असायला?

मराठी अनुवाद कितीही रसाळ असला तरी या कामाला तो उपयोगी नाही. इंग्रजीत 'ई'ने सुरू होणारं प्रकरण मराठीत 'त्याने'पासून सुरू झालं की साखळी तुटते.

२. लंडनच्या हायकोर्टात २००६ साली जे घडलं ते लक्षात ठेवलंत, तर कुठे बघायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही. 'द दा विंची कोड'वर उचलेगिरीचा दावा झाला होता. न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी ७ एप्रिलला तो फेटाळला. निकालपत्र भारदस्त, कायदेशीर, लांबलचक. फक्त पहिल्या काही पानांत मधल्याच एखाद्या शब्दातलं एकच अक्षर तिरक्या ठशात होतं. लोकांनी ती टंकलेखनाची चूक समजून सोडून दिली. काही आठवड्यांनी डॅन टेंच नावाच्या वकिलाने ती अक्षरं सलग लिहिली, तर पहिली दहा निघाली 'स्मिथी कोड'. न्यायाधीशमहाराजांनी निकालातच कोडं घालून ठेवलं होतं!

तेव्हा आधी ठसा बघा. ठळक, तिरकं, उगाच मोठं किंवा रेषेच्या थोडं वर-खाली बसलेलं अक्षर दिसतंय का? मग कथेला ज्यांची गरज नाही अशा जागा बघा. अर्पणपत्रिका, प्रकरणांचे आकडे आणि त्यांची पहिली अक्षरं, मलपृष्ठावरचा नक्षीदार कोपरा, शेवटच्या पानानंतरचं पान. माझा अनुभव असा की पहिल्या वाचनात हे काहीच दिसत नाही, कारण पुढे काय होतं याची घाई असते. दुसऱ्या खेपेला पुस्तक उलटं धरून चाळा. चेष्टा नाही. अर्थ कळेनासा झाला की डोळ्यांना ठसा दिसू लागतो.

३. मजकूर सापडला की आधी तो वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या. चौकटीची गणिताची वही आणि पेन्सिल, एवढं पुरतं. एका चौकटीत एकच अक्षर. डॅश, स्वल्पविराम, दोन आकड्यांमधली मोकळी जागा, काहीही गाळू नका. मग मोजा. एकूण किती? एकच चिन्ह पुन्हा किती वेळा येतं? या दोन प्रश्नांवर निम्मं काम होतं. १६, २५, ३६ असा वर्गाचा आकडा आला तर चौकोनाचा संशय घ्या. एखादं चिन्ह बाकीच्यांच्या मानाने फार वेळा येत असेल तर अक्षरबदलाचा. इंग्रजीत 'ई' हे अक्षर सर्वांत जास्त वापरलं जातं. एडगर ॲलन पोने १८४३ च्या आपल्या कथेत याच एका धाग्यावरून पुरलेल्या खजिन्यापर्यंत नेलं, आणि १९०३ मध्ये शेरलॉक होम्सने नाचणाऱ्या माणसांची चित्रं याच वाटेने वाचली.

४. बहुतेक कोडी चारच जातींची असतात.

पहिली जात अक्षरांच्या अदलाबदलीची, म्हणजे अक्षरं तीच पण क्रम वेगळा. 'ओ, ड्रॅकोनियन डेव्हिल' यातली पंधरा इंग्रजी अक्षरं हलवली की 'लिओनार्दो दा विंची' होतं. अशा वेळी डोक्यात ताण घेऊ नका. कागदाच्या चिठ्ठ्या करा, एकेका चिठ्ठीवर एकेक अक्षर, आणि ताटात घालून फिरवत बसा. घरातली लहान मुलं यात आपल्याला हमखास हरवतात.

दुसरी जात अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. वर्णमालेत एक घर पुढे सरकलं तर 'कमल'चं 'खयव' होतं. एक पाऊल की तीन, सरळ की उलटं, एवढंच शोधायचं.

तिसरी जागांच्या खेळाची आणि चौथी पुस्तकालाच किल्ली करणारी. या दोन्ही एकत्र बघायच्या तर 'डिजिटल फोर्ट्रेस'. कादंबरी संपल्यावर शेवटी, काही न सांगता, आकड्यांची एक रांग आहे: १२८-१०-९३-८५-१०-१२८-९८-११२-६-६-२५-१२६-३९-१-६८-७८. पुस्तकात १२८ प्रकरणं आहेत आणि रांगेतला एकही आकडा १२८ च्या वर जात नाही. हे जाणवलं की अर्धं कुलूप उघडलं. प्रत्येक आकडा म्हणजे प्रकरण, आणि आपल्याला हवं त्या प्रकरणाचं पहिलं अक्षर. ती अक्षरं सलग लिहिली तर निव्वळ कचरा दिसतो. इथेच पुष्कळ जण हात टेकतात. पण मोजा. सोळा आहेत. चार बाय चार मांडा:

डब्ल्यू – ई – सी – जी
ई – डब्ल्यू – एच – वाय
ए – ए – आय – ओ
आर – टी – एन – यू

आता आडवं वाचायचं सोडून वरून खाली वाचा, एकेक स्तंभ. 'वुई आर वॉचिंग यू.' आम्ही तुमच्यावर नजर ठेवून आहोत. पाळत ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेवरच्या कादंबरीला याहून चपखल शेवट सुचला नसता.

५. किल्ली बहुधा त्याच पुस्तकात कुठेतरी उघड्यावर पडलेली असते. हा चौकोन वरून खाली वाचायची, रोमच्या सीझरच्या नावावर सांगितलेली पद्धत 'डिजिटल फोर्ट्रेस'मधली पात्रं आधीच समजावून सांगतात; आपण ती कथेचा भाग म्हणून वाचून विसरतो. न्यायमूर्ती स्मिथ यांनीही तेच केलं. त्यांच्या तिरक्या अक्षरांतला 'स्मिथी कोड'नंतरचा भाग उलगडायला लागते ती १-१-२-३-५-८-१३-२१ ही फिबोनाचीची माला, आणि ती 'द दा विंची कोड'मध्ये मेलेल्या माणसाशेजारी विस्कटून लिहिलेली आहेच. ती लावली की निघतं, 'जॅकी फिशर हू आर यू ड्रेडनॉट'. फिशर हा ब्रिटिश आरमाराचा सेनानी आणि ड्रेडनॉट ही त्याने बांधून घेतलेली, १९०६ साली पाण्यात उतरलेली युद्धनौका. न्यायमूर्तींना आरमारी इतिहासाचा नाद होता, बाकी काही नाही.

(जाता जाता: ही माला फिबोनाचीने १२०२ साली लिहिली, पण त्याच्या अर्धशतक आधी आचार्य हेमचंद्रांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना ती मांडली होती. लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन, मग इतक्या मात्रांत रचना किती तऱ्हांनी होईल? उत्तर हेच आकडे.)

म्हणून वाचताना एक सवय लावून घ्या. लेखक एखादी पद्धत गरजेपेक्षा जास्त समजावून सांगू लागला की त्या पानाला कागदाचा कपटा लावा. मात्र त्याने सांगितलेलं सगळं खरं मानू नका. त्याच 'डिजिटल फोर्ट्रेस'मध्ये इंग्रजी 'सिन्सिअर' या शब्दाची 'मेण नसलेला' अशी व्युत्पत्ती येते. कथेत ती गोड लागते, पण कोशकार ती मानत नाहीत. किल्ली म्हणून चालेल, ज्ञान म्हणून नको.

६. घाई मात्र नडते, आणि ती मला चांगलीच नडली आहे. रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जुन्या मराठी रहस्यकथेत १७ व्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात बारीक '२' दिसला. ३३ व्या पानावर '३'. ४९ व्या पानावर '४'. मी उडालोच! दोन रात्री त्या पानांची पहिली अक्षरं, शेवटची अक्षरं, सोळावा शब्द, सगळं करून झालं. एक ओळ तर जवळजवळ अर्थपूर्ण वाटू लागली होती. शेवटी छापखान्यात आयुष्य घालवलेल्या शेजारच्या काकांना वही दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, "अरे, फॉर्म्याचे नंबर आहेत हे. बाइंडरने सोळा-सोळा पानांचे फॉर्मे उलटेपालटे लावू नयेत म्हणून टाकतात." इंग्रजी पुस्तकाच्या श्रेयपानावरची १० ९ ८ ७ ६ अशी उतरती रांगही तशीच फसवी. ती फक्त मुद्रण कितवं ते सांगते.

आपलं मन नमुने शोधायला इतकं हपापलेलं असतं की ते काहीही जोडून दाखवतं. १९९७ साली मायकल ड्रोस्निनने बायबलच्या हिब्रू मजकुरात ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलून भविष्यवाण्या 'शोधल्या'. टीकाकारांनी 'मोबी डिक'मध्ये पंतप्रधानाच्या हत्येचा संदेश शोधून दाखवावा, मग मी त्यांचं ऐकेन, असं तो म्हणाला. ऑस्ट्रेलियाचा गणिती ब्रेंडन मॅके याने त्या देवमाशाच्या कादंबरीतून हत्यांची अख्खी यादीच काढून दिली, आणि त्यात इंदिरा गांधीही होत्या. मजकूर लांब असेल आणि अंतर आपल्या सोयीने निवडता येत असेल, तर हवं ते सापडतं.

मी स्वतः तीन गोष्टी तपासतो. नियम पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकच आहे ना? एकही अक्षर उरत किंवा कमी पडत नाही ना? आणि 'इथे शोध' असं सांगणारी काही खूण लेखकाने ठेवली आहे ना, ठळक ठसा, आकड्यांची रांग, काहीतरी? 'इथे नियम थोडा वाकवला' असं म्हणायची वेळ आली की वही मिटायची.

७. अडलात तर दुसऱ्या दिवशी बघा. संगणकाची मदत घ्यायला हरकत नाही. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर खात्याने बनवलेलं 'सायबरशेफ' हे फुकट साधन अक्षरबदलाचे प्रयोग क्षणात करून देतं. फक्त ते हाताने दोन-चार कोडी सोडवून झाल्यावर वापरा, नाहीतर कुठलं बटण दाबायचं हेच कळणार नाही. आणि जिद्दीची परीक्षाच बघायची असेल तर 'केन्स जॉबोन' घ्या. टॉर्कमाडा या टोपणनावाने शब्दकोडी रचणाऱ्या गृहस्थाने १९३४ साली ही खुनांची कथा शंभर पानांत लिहिली, आणि पानं मुद्दाम उलटसुलट क्रमाने छापली. क्रम लावायचा, सहा खून आणि त्यांचे खुनी ओळखायचे. त्या काळी दोघांनाच जमलं. पुस्तक पुन्हा छापलं गेल्यावर, २०२० च्या लॉकडाउनमध्ये विनोदी लेखक जॉन फिनेमोर याने ते सोडवलं. पानं सुटी करून खोलीभर पसरावी लागतात, त्यामुळे घरच्यांना आधी विचारून घ्या.

उत्तर सापडलं तर पुस्तकात लिहून ठेवू नका. पुढच्या वाचकाचा घास हिरावला जातो. चिठ्ठीवर लिहा आणि पाकीट बंद करून मागच्या पुठ्ठ्यात सरकवा.

सरावाला एक सोपं देतो. वरच्या पायऱ्यांना आकडे उगाच दिलेले नाहीत.

१-३-२-४-६