नातवंडांसाठी पहिला कपडा? इलॅस्टिकची चड्डी शिवा
नातीला फ्रॉक शिवायची हौस कितीही असू द्या, हात बसेपर्यंत चड्डीच बरी. कॉलर नाही, बाही नाही, काजं-बटणं नाहीत. (तीन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला बटण नसलेलंच चांगलं, तुटलं की थेट तोंडात जातं.)

मध्यम जाडीचं सुती कापड घ्या. बेतण्याआधी ते पाण्यातून काढून, वाळवून इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मापात शिवलेली चड्डी तोकडी होते.

माप घ्यायला मुलाच्या मागे टेप घेऊन धावायची गरज नाही. त्याला नीट होणारी चड्डी एक पाय दुसऱ्यावर येईल अशी दुमडून वर्तमानपत्रावर ठेवा आणि कडेने आखा. कमरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणूनच आखायचं, नाहीतर चड्डी मांडीतून वर चढणारच नाही. मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा उंच असतो, म्हणून दोन्ही वेगळे काढा. शिवणीला 1.5 सेंमी, पायाच्या दुमडीला 3 सेंमी, नेफ्याला 4 सेंमी जास्त सोडा. पायाला अजून 2 सेंमी ठेवलंत तर मूल उंच झाल्यावर दुमड उसवता येते.

नेफ्यात 2.5 सेंमी रुंदीचं इलॅस्टिक सेफ्टी पिनेने ओवा. लांबी कमरेपेक्षा 3 सेंमी कमी घ्या, पण टोकं शिवण्याआधी एकदा मुलाला घालून बघा; पोटावर वळ उठता कामा नये.