नजर कमी असली तरी कुस्ती शिकायचीय? मग असं करा

पहिलं काम डोळ्यांच्या डॉक्टरकडं. काचबिंदू असेल किंवा पडदा कमजोर असेल तर मानेचा ब्रिज (डोकं टेकवून अंगाची कमान करायची), शीर्षासन, जोरात पडणं यातलं काय चालेल ते स्पष्ट विचारून घ्या, त्याशिवाय लंगोट बांधू नका.

मग तालीम. कोल्हापुरात तालमींना तोटा नाही, पण वस्तादांना आधीच सांगा की दिसत नाही, लाजायचं काय त्यात. गर्दी नसताना हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेनं पायानं चाचपत एक फेरी मारा, कट्टा कुठं, खांब कुठं, डंबेल कुठं पडलेत.

आता खरी गोष्ट. डोळ्यांची गरज पडते ती खडाखडीत, म्हणजे एकमेकांना हात लावेपर्यंत. म्हणून जोडीदाराला सांगायचं की सुरुवात पकड धरूनच करू, आणि पकड सुटली की थांबून परत धरू. अंधांच्या ज्युदोत हाच नियम आहे, २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारनं ब्राँझ आणलं ते असंच खेळून. एक हात जोडीदाराच्या मानेवर, दुसरा कोपराजवळ, आणि पकड अगदी आवळायची नाही, कारण ताठ हाताला काही कळत नाही, सैल हाताला मात्र त्यानं पाय उचलायच्या आधी वजन दुसरीकडं गेलेलं लगेच कळतं, तिथंच पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचं.

नवा डाव वस्तादांनी तुमच्यावर हळू मारून दाखवायचा, नुसतं तोंडानं "असं धर" म्हणून भागत नाही.

माती डोळ्यात गेली तर चोळू नका, पाण्यानं धुवा. फारच त्रास होत असेल तर सरळ मॅटवर शिका.